किशोरकुमार : चार दशकांचे चढ-उतार

किशोरकुमार (४ ऑगस्ट १९२९ – १३ ऑक्टोबर १९८७) हे हिंदी चित्रपटसृष्टीतील अग्रगण्य पार्श्वगायक, विनोदी अभिनेते, संगीतकार, निर्माते आणि दिग्दर्शक. मूळ नाव आभासकुमार गांगुली. १९४८ मध्ये त्यांचे पहिले एकल गीत ध्वनिमुद्रित झाले आणि मृत्यूच्या आदल्या दिवशीही ते ध्वनिमुद्रणासाठी उभे होते. या चाळीस वर्षांत यशाचे दोन मोठे कालखंड आले. त्या दोहोंच्या मध्ये एक प्रदीर्घ ओहोटी होती आणि दुसऱ्या कालखंडाच्या ऐन भरात सरकारी रोषाचे एक प्रकरणही घडले.

किशोरकुमारांविषयी लिहिताना त्यांच्या विक्षिप्तपणाच्या कथांनाच बहुधा अधिक जागा मिळते. त्या कथा बाजूला ठेवून कारकिर्दीचा आलेख पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. पडद्यावरचा नट लोकप्रिय होता तोवर गायक त्याच्या सावलीत राहिला. नटाचे दिवस सरले आणि मगच हा आवाज सर्वांचा झाला. एका क्षेत्रातील अपयशाने दुसऱ्या क्षेत्राचे दार उघडल्याचे इतके स्पष्ट उदाहरण हिंदी चित्रपटाच्या इतिहासात विरळाच आढळेल.

खंडवा आणि इंदूर

मध्य प्रदेशातील खंडवा हे किशोरकुमारांचे जन्मगाव. वडील कुंजलाल गांगुली तेथे वकिली करीत. आईचे नाव गौरीदेवी. चार भावंडांत किशोर सर्वांत धाकटे. थोरले बंधू अशोककुमार त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे होते आणि किशोर शाळेत असतानाच ते बॉम्बे टॉकीजचे आघाडीचे नायक झाले होते. घरात बंगाली भाषा, गावात निमाडी-हिंदी बोली आणि ग्रामोफोनवर कुंदनलाल सैगल, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. सैगल हे त्यांचे आयुष्यभराचे दैवत राहिले.

उच्च शिक्षणासाठी ते इंदूरला आले. होळकरांचे इंदूर हे मराठी वाचकाला परके नाही. पलासियाचा परिसर आज शहराच्या ऐन गजबजाटात मोडतो आणि तेथून जाणारा जुना आग्रा-मुंबई मार्ग थेट महाराष्ट्रात उतरतो. पलासियापासून काही किलोमीटरवर छावणी भागात ख्रिश्चन कॉलेज आहे. कॅनडाच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात स्थापन केलेल्या या महाविद्यालयात किशोरकुमार शिकत होते आणि तेथील वसतिगृहात राहत होते. आवारातील चिंचेच्या झाडाखाली मित्रांना जमवून गाणे, वर्गात बाकावर ताल धरणे आणि उपाहारगृहात उधारी करणे या त्यांच्या आठवणी इंदुरात आजही सांगितल्या जातात. उधारीची रक्कम पाच रुपये बारा आणे होती आणि पुढे ‘चलती का नाम गाडी’मधील एका गाण्यात हाच आकडा आला, अशी आख्यायिका आहे. तिचा खरेखोटेपणा ठरविणे कठीण असले, तरी इंदूरकरांना ती प्रिय आहे.

याच इंदुरात २८ सप्टेंबर १९२९ रोजी लता मंगेशकर यांचा जन्म झाला. मंगेशीचे मास्टर दीनानाथ यांची ही कन्या आणि खंडव्याचा हा मुलगा यांच्या वयांत दोन महिन्यांचेही अंतर नव्हते. खंडवा आणि इंदूर या गावांतील अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. दोघांची भेट मात्र मुंबईत झाली. लोकल गाडीत आणि नंतर टांग्यातून एक अनोळखी तरुण आपल्या मागोमाग येत आहे, असे लताबाईंना वाटले. स्टुडिओत पोचल्यावर संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी तो अशोककुमारांचा भाऊ असल्याचे सांगितले. हा प्रसंग लताबाईंनी पुढे अनेकदा हसत सांगितला.

सैगलच्या छायेतून बाहेर

मुंबईत आल्यावर किशोरकुमारांनी बॉम्बे टॉकीजमध्ये समूहगायक म्हणून सुरुवात केली. ‘शिकारी’ (१९४६) हा त्यांचा पडद्यावरील पहिला चित्रपट. त्यात अशोककुमार नायक होते. खेमचंद प्रकाश यांनी ‘जिद्दी’ (१९४८) या चित्रपटात त्यांना पहिले एकल गीत दिले. पडद्यावर देव आनंद होते. ही गझल सैगलच्या धाटणीत गायिलेली आहे आणि नंतरचे किशोरकुमार ठाऊक असलेल्या श्रोत्याला ती ऐकताना नवल वाटते.

अशोककुमारांची इच्छा धाकट्या भावाने नट व्हावे अशी होती. किशोरकुमारांना गायचे होते. भावाच्या नावामुळे भूमिका मिळत गेल्या, परंतु आरंभीच्या चित्रपटांना फारसे यश आले नाही. गायनाचे रीतसर शिक्षण नसल्यामुळे संगीतकारही साशंक असत. बिमल रॉय यांच्या ‘नौकरी’ (१९५४) या चित्रपटात किशोरकुमार नायक होते. तरीही सलील चौधरी यांनी त्यांच्यासाठी प्रथम हेमंतकुमार यांच्या आवाजाचा विचार केला होता. किशोरकुमारांचे गाणे ऐकल्यावरच त्यांचे मत बदलले.

त्यांच्यातील गायक पहिल्यांदा नीट ओळखला तो सचिनदेव बर्मन यांनी. सैगलची नक्कल सोडून स्वतःचा आवाज शोध, हा त्यांचा सल्ला निर्णायक ठरला. ‘टॅक्सी ड्रायव्हर’, ‘मुनीमजी’, ‘फंटूश’, ‘नौ दो ग्यारह’, ‘पेइंग गेस्ट’ या पन्नाशीच्या दशकातील चित्रपटांमधून बर्मन यांनी हा आवाज देव आनंद यांच्यासाठी वापरला. छातीतील भरदार स्वरावरून क्षणार्धात पातळ, उंच स्वरावर उडी घेण्याची ‘योडलिंग’ ही पद्धत किशोरकुमारांनी पाश्चात्त्य तबकड्या ऐकून आत्मसात केली होती. आल्प्स पर्वतातील गुराख्यांच्या हाकांमधून आलेली ही लकब हिंदी गाण्यात त्यांच्या नावाशीच कायमची जोडली गेली.

पहिली भरती : विनोदी नायक

‘न्यू दिल्ली’ (१९५६), ‘आशा’ (१९५७), ‘चलती का नाम गाडी’ (१९५८), ‘दिल्ली का ठग’ (१९५८), ‘झुमरू’ (१९६१) आणि ‘हाफ टिकट’ (१९६२) या चित्रपटांनी किशोरकुमारांना आघाडीचा विनोदी नायक बनविले. ‘चलती का नाम गाडी’मध्ये अशोककुमार, अनुपकुमार आणि किशोरकुमार हे तिन्ही भाऊ एकत्र आले. ‘झुमरू’चे संगीत त्यांनी स्वतः दिले. ‘हाफ टिकट’मधील एका युगुलगीतात पुरुष आणि स्त्री असे दोन्ही आवाज त्यांचेच आहेत.

‘आशा’मधील निरर्थक शब्दांच्या धमाल गाण्याशी गोमंतकाचा थेट संबंध आहे. संगीतकार सी. रामचंद्र यांना खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीवरून त्याची कल्पना सुचली आणि त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दांची भर घातली, असे सांगितले जाते. त्या काळी मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन वाजविणारे बहुसंख्य वादक गोव्याचेच होते. पाश्चात्त्य ठेक्यावरच्या किशोरकुमारांच्या गाण्यांना जो उसळता बाज आहे, त्यात या वादकांचा वाटा मोठा आहे.

या काळातील एक विसंगती मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. ‘रागिणी’ (१९५८) आणि ‘शरारत’ (१९५९) या चित्रपटांत पडद्यावर किशोरकुमार आहेत आणि आवाज महंमद रफी यांचा आहे. स्वतः गायक असलेल्या नटाला दुसऱ्याचा आवाज घ्यावा लागावा, हे त्या काळच्या समजुतीचे द्योतक होते. किशोरकुमार म्हणजे गाता येणारा नट, अशीच त्यांची ओळख होती. त्यांचा आवाज मुख्यत्वे स्वतःसाठी आणि देव आनंद यांच्यासाठी राखीव राहिला. दिलीपकुमार, राज कपूर, शम्मी कपूर यांच्यासाठी रफी, तलत, मुकेश, मन्ना डे असे आवाज उपलब्ध होते.

पार्श्वगायनाच्या पद्धतीचा येथे विचार करावा लागतो. फ्रान्समधील जॉनी हॅलिडे यांच्यासारखा लोकप्रिय गायक स्वतःच्या नावाने तबकडी काढतो आणि स्वतःच्या चेहऱ्याने रंगमंचावर उभा राहतो. त्याचे बरेवाईट दिवस त्याच्याच नावावर मांडले जातात. हिंदी चित्रपटातील गायकाचे भाग्य दुसऱ्याच्या चेहऱ्याशी बांधलेले असते. नायक चालला तर गायक चालतो. किशोरकुमारांच्या बाबतीत हा गुंता दुहेरी होता, कारण ज्या चेहऱ्याशी त्यांचा आवाज बांधला गेला होता, तो चेहरा त्यांचा स्वतःचाच होता.

ओहोटीची वर्षे

‘हाफ टिकट’नंतर नायक म्हणून त्यांचा प्रभाव वेगाने ओसरला. प्रेक्षकांची अभिरुची बदलत होती. रंगीत चित्रपट आले, काश्मीरची आणि परदेशांची दृश्ये आली, शम्मी कपूर यांच्यासारखे नवे धसमुसळे नायक आले आणि रफींचा आवाज सर्वत्र दुमदुमू लागला. ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ (१९६४) किंवा ‘श्रीमान फंटूश’ (१९६५) या चित्रपटांची नावे आज निघतात, ती बहुतेक त्यांतील गाण्यांमुळे.

खासगी आयुष्यही याच सुमारास कठीण झाले होते. रुमा गुहा ठाकुरता यांच्याशी झालेला पहिला विवाह १९५८ मध्ये संपुष्टात आला. १९६० मध्ये त्यांनी मधुबाला यांच्याशी विवाह केला. मधुबाला यांच्या हृदयात जन्मजात दोष होता आणि त्या काळच्या वैद्यकाकडे त्यावर उपाय नव्हता. पुढील नऊ वर्षे आजारपणाची होती. प्राप्तिकर खात्याचा ससेमिराही मागे लागला होता.

तरीही ही वर्षे कलादृष्ट्या वांझ नव्हती. सत्यजित राय यांनी ‘चारुलता’ (१९६४) या चित्रपटात रवींद्रसंगीतातील एका गीतासाठी किशोरकुमारांचा आवाज निवडला. शास्त्रशुद्धतेविषयी अतिशय काटेकोर असलेल्या रवींद्रसंगीताच्या क्षेत्रात, तालीम न घेतलेल्या एका विनोदी नटाची ही निवड धाडसाची होती. ते गीत आज त्या चित्रपटाचा अविभाज्य भाग मानले जाते.

त्याच वर्षी किशोरकुमारांनी ‘दूर गगन की छाँव में’ हा चित्रपट निर्माण केला. युद्धावरून परतलेला सैनिक आणि घर जळाल्याच्या धक्क्याने वाचा गेलेला त्याचा मुलगा यांची ही कथा. दिग्दर्शन आणि संगीत त्यांचे होते, नायकही तेच होते आणि मुलाच्या भूमिकेत त्यांचा पुत्र अमितकुमार होता. या चित्रपटात विनोदाचा मागमूस नाही. लोकांनी ज्याला विदूषक म्हणून डोक्यावर घेतले, त्याच्या मनात किती गंभीर कलावंत दडलेला होता, हे जाणून घ्यायचे असेल तर हा एक चित्रपट पाहणे पुरेसे आहे.

बर्मन यांनीही त्यांना पूर्णपणे दुरावू दिले नाही. ‘तीन देवियाँ’ व ‘गाईड’ (दोन्ही १९६५) आणि ‘ज्वेल थीफ’ (१९६७) या चित्रपटांत त्यांनी किशोरकुमारांना गाणी दिली. संख्या थोडी होती, पण आवाज परिपक्व होत चालल्याचे या गाण्यांतून जाणवते. पन्नाशीच्या दशकातील चुळबुळ कमी होऊन त्यात एक शांत खोली आली होती.

१९६८ मध्ये ‘पडोसन’ आला. त्यात किशोरकुमार नायक नव्हते. गाता न येणाऱ्या नायकाला मदत करणाऱ्या नाटकवेड्या गुरूची भूमिका त्यांनी केली. खिडकीत उभा राहून नायक ओठ हलवितो आणि आड उभे राहून गुरू गातो, अशी चित्रपटातील योजना आहे. राहुलदेव बर्मन यांच्या संगीतातील एका जुगलबंदीत त्यांच्यासमोर मन्ना डे यांच्यासारखा शास्त्रीय तालमीचा गायक होता आणि किशोरकुमारांनी ती केवळ उत्स्फूर्ततेच्या बळावर रंगविली. दुसऱ्याच्या चेहऱ्यामागे उभे राहून गाणे ही ‘पडोसन’मधील गंमत होती, पुढच्याच वर्षी ती त्यांच्या जीवनाची दिशा ठरली.

१९६९ : दुसरा जन्म

२३ फेब्रुवारी १९६९ रोजी मधुबाला यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शक्ती सामंत यांचा ‘आराधना’ प्रदर्शित झाला. राजेश खन्ना हे नवे नायक होते आणि संगीत सचिनदेव बर्मन यांचे होते. या चित्रपटातील दोन युगुलगीते रफींनी गायिली. किशोरकुमारांच्या वाट्याला दोन एकल गीते आणि लताबाईंबरोबरचे एक युगुलगीत आले. चित्रपट झळकला आणि देशभर हाच आवाज घुमू लागला. वयाच्या चाळिशीत किशोरकुमारांना पार्श्वगायनाचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

हा बदल एका चित्रपटाचा चमत्कार नव्हता. राजेश खन्ना यांच्या रूपाने एक ताजा चेहरा मिळाला होता. राहुलदेव बर्मन यांच्या पिढीला मोकळा, बोलल्यासारखा, ठेक्यावर स्वार होणारा आवाज हवा होता. आणि नट म्हणून मागणी ओसरल्यामुळे किशोरकुमारांचा वेळ आणि आवाज दोन्ही उपलब्ध होते. ‘कटी पतंग’, ‘अमर प्रेम’ आणि इतर असंख्य चित्रपटांनी पुढील काही वर्षांत हे स्थान पक्के केले. राजेश खन्ना यांच्यानंतर अमिताभ बच्चन यांच्यासाठीही तोच आवाज निवडला गेला. एकाच गायकाने इतक्या नायकांना शोभावे, यामागे त्यांच्यातील नटाचे मोठे साहाय्य होते. पडद्यावरचा माणूस कोण, तो कोणत्या मनःस्थितीत आहे, हे जाणून ते शब्द उच्चारीत. अभिनय पडद्यावरून उतरला आणि गळ्यात येऊन राहिला.

आणीबाणीतील बंदी

लोकप्रियतेच्या या शिखरावर असताना त्यांचा आवाज सरकारी माध्यमांतून एकाएकी नाहीसा झाला. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी चित्रपटसृष्टीने सहकार्य करावे, अशी माहिती व नभोवाणी मंत्रालयाची अपेक्षा होती. किशोरकुमारांनी ते मानले नाही. मे १९७६ मध्ये त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून वाजविण्यास मनाई करण्यात आली. त्या काळी विविध भारती हाच घरोघरी गाणी पोचविण्याचा मुख्य मार्ग होता. त्यामुळे हा घाव प्रतिष्ठेपुरता नव्हता. तो थेट व्यवसायावर होता.

आणीबाणी उठल्यावर नेमलेल्या शहा आयोगाने आणीबाणीतील अधिकारांच्या गैरवापरांची चौकशी केली. त्यात या प्रकरणाचाही समावेश होता. किशोरकुमार कोणत्याही राजकीय पक्षाचे नव्हते आणि चळवळीतही नव्हते. मनाविरुद्ध गायचे नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता. एखाद्या लहरी म्हणविल्या जाणाऱ्या माणसाच्या नकारामुळे शासनयंत्रणेला इतके मोठे पाऊल उचलावेसे वाटले, ही गोष्ट त्या काळाविषयी पुष्कळ सांगून जाते.

उत्तरार्ध

बंदीमुळे श्रोते तुटले नाहीत. ‘अमानुष’ (१९७५), ‘डॉन’ (१९७८), ‘थोडीसी बेवफाई’ (१९८०), ‘नमक हलाल’ (१९८२), ‘अगर तुम ना होते’ (१९८३), ‘शराबी’ (१९८४) आणि ‘सागर’ (१९८५) या चित्रपटांतील गीतांसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. ‘आराधना’सह ही संख्या आठ होते आणि पुरुष पार्श्वगायकांत ती सर्वाधिक आहे. यांतील पाच पुरस्कार वयाची पन्नाशी ओलांडल्यानंतर प्रदर्शित झालेल्या चित्रपटांसाठीचे आहेत, ही बाब विशेष.

दिग्दर्शक म्हणून मात्र त्यांना यश लाभले नाही. ‘दूर का राही’ (१९७१), ‘बढती का नाम दाढी’ (१९७४), ‘दूर वादियों में कहीं’ (१९८०) असे चित्रपट ते पदरमोड करून काढत राहिले. यांपैकी शेवटच्या चित्रपटात एकही गाणे नव्हते. देशातील सर्वाधिक मागणी असलेल्या गायकाने गाण्याविना चित्रपट काढावा, यात त्यांचा स्वभाव दिसतो. प्राप्तिकराची थकबाकी फेडण्यासाठी ते देश-विदेशांत रंगमंचीय कार्यक्रम करीत. तेथे ते आपली ओळख ‘खंडव्याचा किशोरकुमार’ अशी करून देत. मध्य प्रदेश शासनाने त्यांना १९८५-८६ चा लता मंगेशकर पुरस्कार दिला.

१९८० मध्ये त्यांनी मूळच्या धारवाडच्या अभिनेत्री लीना चंदावरकर यांच्याशी विवाह केला. मराठीशी त्यांचा गायनाचा संबंध कारकिर्दीच्या अगदी शेवटी आला. सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘गंमत जंमत’ (१९८७) या चित्रपटासाठी अरुण पौडवाल यांच्या संगीतात अनुराधा पौडवाल यांच्यासह त्यांनी गायिलेले युगुलगीत आजही मराठी वाद्यवृंदांत हमखास ऐकू येते.

अखेर

मुंबईचा त्यांना उबग आला होता. सर्व सोडून खंडव्याला परत जायचे, असे ते शेवटच्या वर्षांत मुलाखतींतून वारंवार सांगत. १२ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांनी आशा भोसले यांच्यासमवेत बप्पी लाहिरी यांच्या संगीतातील एक युगुलगीत ध्वनिमुद्रित केले. दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तो अशोककुमारांचा शहात्तरावा वाढदिवस होता. अशोककुमारांनी त्यानंतर कधीही आपला वाढदिवस साजरा केला नाही, असे सांगतात.

किशोरकुमारांचे पार्थिव खंडव्याला नेण्यात आले आणि तेथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या ठिकाणी त्यांची समाधी आहे. मध्य प्रदेश शासनाने १९९७ मध्ये त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. लता मंगेशकर यांच्या नावाचा पुरस्कार इंदूरशी आणि किशोरकुमारांच्या नावाचा पुरस्कार खंडव्याशी जोडलेला आहे.

आज त्यांच्या गायनाची सुवर्णवर्षे मोजताना १९६९ पासून प्रारंभ करण्याची प्रथा आहे. परंतु ‘आराधना’तील सहजता ‘चारुलता’, ‘गाईड’ आणि ‘पडोसन’ यांच्या वाटेने आली, आणि हे तिन्ही चित्रपट त्यांच्या पडत्या काळातील आहेत. आलेखात खाली दिसणाऱ्या याच वर्षांत तो आवाज घडत होता.